अकरावी पायरी

खेकडा सटवाईसमोर थांबला आणि त्याचा हिरवा दिवा लागला, तेव्हा सोपान विटकराला आधी वाटलं, यंत्राचं डोकं फिरलं.

खेकडा म्हणजे टेबलाएवढं, सहा पायांचं यंत्र. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं, पण तिवरखेडच्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं उरकून टाकलं होतं. गेले आठ महिने हा खेकडा गावच्या बारवेत उतरत होता, एकेका दगडाला नाक लावत होता आणि वर येऊन चौकभर हिंडत होता. हिरवा दिवा लागला की त्याचा अर्थ एकच, हा दगड मूळचा बारवेचा.

आणि तिवरखेडात बारवेचा दगड नव्हता कुठे? यादवांच्या काळातली ती विहीर. चारही बाजूंनी पायऱ्या, मध्ये पाणी, भिंतीत देवळ्या. साडेसातशे वर्षांत तिचे जेवढे दगड सुटले तेवढे गावाने बिनदिक्कत वापरले. न्हाव्याच्या दुकानाची पायरी बारवेची, पिंपळाच्या पाराची कड बारवेची, शाळेचा उंबरठा बारवेचा. 'बारव संवर्धन आणि चौक पुनर्विकास' ही योजना आली आणि दोनशे तेरा ठिकाणी हिरवा दिवा लागला. ज्याचा दगड गेला त्याला पावती मिळाली आणि बदल्यात नवाकोरा, मशीनने कापलेला दगड मिळाला. लोक हसत होते. खेकडा गल्लीत शिरला की बायका एकमेकींना सांगत, "पाट्यावर बसून घ्या गं, न्हाईतर वाटनासकट जाईल." हसण्यावारी चाललं होतं सगळं.

सटवाईपाशी मात्र हसणं थांबलं.

चौकाच्या ईशान्य कोपऱ्यात, उघड्यावर, शेंदराने माखलेला तो दगड. उंची गुडघ्याएवढी. नाक नाही, डोळे नाहीत, शेंदरावर लावलेले चांदीचे दोन डोळे तेवढे. गावात मूल जन्मलं की पाचव्या दिवशी त्याच्या नावाने इथे नारळ फुटायचा, कोरा कागद आणि पेन ठेवलं जायचं. रात्रीतून सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते म्हणतात, तिची सोय नको का? या सटवाईचं सगळं करायची सोपानची आई यल्लूबाई. वय शहाऐंशी. दर वर्षी वैशाखात तेल-शेंदराचा नवा लेप ती स्वतःच्या हाताने द्यायची, आणि त्या कामात सुनेलासुद्धा हात लावू द्यायची नाही.

आणि हा खेकडा चालवणारा कोण, तर तिचाच धाकटा मुलगा. पंचावन्न वर्षांचा सोपान. बाप हणमंता आणि आजा दगड फोडणारे वडार. याने दगडाच्या खाणीवर यंत्रं चालवली आणि तिथून तो योजनेत खेकड्याचा चालक म्हणून लागला. सरळ, नाकासमोर चालणारा माणूस. यंत्र खोटं बोलत नाही, हे त्याचं आवडतं वाक्य. आठ महिने तो ते चौकात ज्याला त्याला ऐकवत होता.

संवर्धन अधिकारी डॉ. शाल्मली देव धावत आल्या. चाळिशीच्या, मृदू बोलणाऱ्या बाई. त्यांनी पडद्यावर दगडाच्या पोटातले बुडबुडे पाहिले. लाव्हा थिजताना त्यात हवेचे बुडबुडे अडकतात आणि त्यांची रांगोळी दर दगडात वेगळी असते. एकच दगड तुटून दोन तुकडे झाले, तर दोन्हीकडची रांगोळी जुळते. सटवाईची रांगोळी बारवेच्या उत्तर जिन्यातल्या अकराव्या पायरीशी जुळत होती. त्या पायरीचा डावा अर्धा भाग गायब होता, तिथे कुणीतरी कधीकाळी सिमेंट थापलं होतं.

"विटकर, घाबरू नका," डॉ. देव म्हणाल्या. "शंभर वर्षांचा नियम आहे. श्रद्धास्थान शंभर वर्षांहून जुनं असेल तर दगड हलवायचा नाही. पायरीला आपण दुसरा दगड बसवू. फक्त तुमच्या कुटुंबाने काळ तपासून घ्यायचा अर्ज करायला हवा."

सोपानचा जीव भांड्यात पडला. शंभर वर्षं म्हणजे १९४१. सटवाई तर त्याच्याही आधीची. हे कुणी सांगायला हवं होतं का?

तरी सांगायला सगळा चौक जमला. चहावाले इस्माईलभाई म्हणाले, "माझ्या अब्बाला पाचव्या दिवशी इथंच आनलं व्हतं. दादी सांगायची. निजामाचं राज व्हतं तवा." आणखी चार म्हाताऱ्यांनी तेच सांगितलं. कुणी रझाकारांची गोष्ट सांगितली, त्यांची जीप म्हणे सटवाईपाशी येऊन बंद पडली होती. खोटं कुणीच बोलत नव्हतं. प्रत्येकाला ते खरोखरच आठवत होतं.

अर्जावर पुजारी म्हणून यल्लूबाईचा अंगठा हवा होता. सोपान घरी गेला. ती दारात बसून डाळ निवडत होती.

"माय, अंगठा दे हितं."

"कशाला?"

"सटवाई किती जुनी हाय ते मशीन सांगनार. एकदा सांगितलं की झालं, कुनी हात लावायचा नाई तिला."

यल्लूबाईने डाळीतून मान वर केली नाही. "ऱ्हाऊ दे. देवीचं वय काढत्यात का कुटं?"

"अगं, न्हाई काढलं तर उचलून नेतील!"

"नेऊ दे मंग."

सोपान चक्रावला. जिने आयुष्यभर त्या दगडाची राखण केली ती म्हणते नेऊ दे? त्याला वाटलं, म्हातारपण. त्याला वाटलं, यंत्राची भीती. त्याने अर्धा तास तिला समजावलं. गावाचं सांगितलं, इस्माईलभाईंच्या अब्बांचं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "माय, यंत्र खोटं बोलत नाई."

यल्लूबाईने डाळ बाजूला सारली. "त्येच तर," एवढंच म्हणाली, आणि अंगठा पुढे केला.

* * *

दगडाचं वय कसं काढतात ते सोपान शाळेतल्या मुलांनाही सांगायचा, इतकं त्याला पाठ होतं. दगडाच्या कणांमध्ये अगदी बारीक खळगे असतात. दगडातच मुरलेला किरणोत्सर्ग त्या खळग्यांमध्ये थेंबथेंब ऊर्जा साठवत राहतो. पण हे साठणं टिकतं ते अंधारातच. उन्हाची तिरीप लागली की सगळं सांडतं, खळगे रिकामे होतात. पुन्हा अंधार झाला की पुन्हा पहिल्यापासून थेंबथेंब. ठिबकणाऱ्या नळाखाली घागर ठेवल्यासारखं आहे हे. घागर किती भरली ते मोजा, नळ किती वेगाने ठिबकतो ते मोजा, की ती शेवटची कधी पालथी झाली होती ते कळतं. म्हणजेच त्या दगडाने शेवटचं ऊन कधी पाहिलं ते कळतं.

वाळूचं, मडक्यांचं वय असं फार पूर्वीपासून काढत होते. आपला दख्खनचा काळा दगड मात्र हट्टी. त्याची घागर गळकी. साठलेलं हळूहळू आपोआप झिरपून जायचं आणि हिशेब चुकायचा. दहाएक वर्षांपूर्वी ती गळतीच नेमकी मोजायची युक्ती सापडली आणि काळा दगड बोलायला लागला.

सटवाईच्या बाबतीत तर काम सोपंच होतं. शेंदराच्या थरातून ऊन आत जात नाही. म्हणजे पहिला लेप ज्या दिवशी लागला, त्या दिवशी घागर नळाखाली गेली.

तपासणी सकाळी झाली. चौकात मांडव घातला होता. यल्लूबाईला खुर्ची दिली, पण ती खाली जमिनीवरच बसली. खेकड्याने काळ्या झाकणाखाली मान घातली, शेंदराच्या थराला एक बारीक भोक पाडलं आणि दगडाच्या माथ्यावरून मसुरीच्या डाळीएवढा कण उचलला. दोन तासांनी पडद्यावर आकडे आले. बायकांनी पदर डोक्यावर घेतले, जणू आरतीच होणार होती.

'अंधाराचा काळ: ६९ वर्षे. त्यापूर्वी पृष्ठभागावर सुमारे ६८० वर्षे ऊन आणि पावलांची झीज.'

चौकातल्यांनी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. मग इस्माईलभाई म्हणाले, "मशीन चुकलं."

नियमाप्रमाणे आणखी दोनदा तपासता येत होतं. सोपानने दोन्ही वेळा तपासलं. दुसऱ्या कोपऱ्यातला कण घेतला, यंत्र नव्याने जुळवून घेतलं. सत्तर आलं. अडुसष्ट आलं. प्रत्येक आकडा आपोआप मोहोरबंद होऊन मुंबईला जात होता, चालकाला त्यात टिंबसुद्धा बदलता येत नव्हतं. बदलता आलं असतं तर त्याने बदललं असतं का, हा प्रश्न सोपानने त्या दिवशी स्वतःला पहिल्यांदाच विचारला, आणि उत्तर 'हो' आलं तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण उपयोग काय? पायावर धोंडा मारून घ्यायचा तो घेऊन झाला होता, आणि तोही तीनदा.

घरी आला तेव्हा त्याची बायको शेजारी गेली होती. आई एकटीच भिंतीला टेकून बसली होती.

"एकोनसत्तर वर्सं सांगितली मशीननं," तो म्हणाला.

यल्लूबाईने बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. "म्हंजी बाहत्तर साल," ती म्हणाली. "बराबर हाय."

सोपान तिच्यासमोर येऊन बसला.

"बराबर म्हंजी? माय, तुला ठाव व्हतं?"

"मला नाई तर कुनाला ठाव असनार? मीच लावला शेंदूर."

मग तिने सांगितलं. इतकी वर्षं जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते बाजारातून आणलेल्या सामानाची यादी सांगावी तसं सांगितलं.

"दुष्काळ पडला व्हता. सरकारनं बारवंचं काम काडलं. तुजा बाप पायऱ्या बसवायला, मी गाळ उपसायला. सतरा वर्साची व्हते. पोरगी झाली. तिसऱ्या दिशी मी पुन्ना पाटी उचलली, न्हाई उचलली तर खायाला सरकारी सुकडी मिळत नव्हती. अंगावर दूध आलंच न्हाई. नवव्या दिशी गेली पोर." तिने मांडी बदलली. "आपलं पाल आता सटवाई हाय त्याच कोपऱ्यात व्हतं. तितंच पुरली. पर कुत्री लई हिंडायची. मानसालाच खायाला नव्हतं, कुत्र्याला कोन देनार? पयल्या राती दोनदा उकरायला आली. तुजा बाप म्हन्ला, जड दगड ठिवू. अकराव्या पायरीचा अर्दा तुकडा सुटला व्हता. दोन मानसांचा दगड, एकट्यानं पाठीवर आनला."

"आणि शेंदूर?"

"मुकादम दगड हुडकाया लागला. सापडला आसता तर घेऊन गेला आसता. मी मारुतीच्या देवळातनं शेंदूर आनला अन् फासला. शेंदूर लागला की मानूस हात लावत न्हाई, कुत्र्याचं ठाव न्हाई." ती किंचित हसली. "म्हयन्याभरानं एक लेकुरवाळी आली. नारळ फोडला, पाया पडली. म्हन्ली, सटवाई माय, माज्या लेकराला जप. म्या काय म्हनू तिला? म्हनू, बाई, हितं देवी न्हाई, माजी पोर हाय?"

आपल्याला एक बहीण होती हे त्याला पंचावन्नाव्या वर्षी कळत होतं.

"नाव काय व्हतं तिचं?"

"नवव्या दिसाला कुठलं नाव? बाराव्याला बारसं आसतंय."

* * *

दुसऱ्या दिवशी सोपान डॉ. देवांच्या तंबूत गेला. टेबलावर नव्या चौकाची प्रतिकृती होती. गुळगुळीत फरशी, बाकं, आणि ईशान्य कोपऱ्यात, बरोबर सटवाईच्या जागी, प्रकाशाची कारंजी.

"मॅडम, कारंज्याचा पाया किती खोल जाणार?"

"सव्वा मीटर. का?"

"समजा, खाली काही निघालं. म्हणजे माणसाचं."

डॉ. देवांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मग काम थांबतं. अवशेष काढून प्रयोगशाळेत नेतात. वय, आजार, आहार, जनुकं सगळं तपासतात. आणि मग क्रमांक घालून पेटीत जतन करतात. फार काळजीपूर्वक करतात, विटकर. मी स्वतः पाहिलंय."

"आणि घरचे लोक? त्यांना परत मिळतं?"

"अर्ज करता येतो. जन्माची आणि मृत्यूची नोंद जोडावी लागते."

पालात जन्मलेल्या आणि नवव्या दिवशी गेलेल्या पोरीची नोंद कुठल्या वहीत असणार? सोपान उभाच राहिला.

"काम थांबतं म्हणजे, मग कारंजं दुसरीकडे जातं?"

"नाही. दोन-तीन आठवडे थांबतं, अवशेष हलवले की पुढे चालू होतं. दगड बारवेचाच आहे, तो बारवेतच जाणार." त्यांचा आवाज आणखी मृदू झाला. "विटकर, काही आहे का? सांगा मला. माझ्या हातात असेल ते मी करीन."

त्या खरंच करतील, याबद्दल सोपानला शंका नव्हती. अडचण एवढीच होती की त्यांच्या हातात काही नव्हतं. नियम चांगला होता, यंत्र खरं होतं, बाई भल्या होत्या. भांडायचं कुणाशी? बाकीच्यांच्या आयुष्यात निदान शिव्या घालायला कुणीतरी मुकादम असतो.

"नाही मॅडम, सहज विचारलं," तो म्हणाला.

घरी येऊन त्याने आईला दोन्ही वाटा सांगितल्या. सांगितलं तर पेटी आणि क्रमांक. न सांगितलं तर सव्वा मीटर माती खेकड्याच्या मोठ्या भावाने, म्हणजे खोदयंत्राने, उचलायची, ट्रकमध्ये भरायची आणि एस.टी. स्टँडमागचा खड्डा बुजवायला टाकायची.

"तिसरं काय न्हाई का?" यल्लूबाईने विचारलं.

"न्हाई, माय."

"मपल्या हातानं उकरून दुसरीकडं ठिवली तर?"

"चौकाला चारीकडनं कॅमेरे हायत. कुंपन घातलंय. मलासुदिक पाऊल कुठं टाकायचं ते सांगत्यात."

तिने विचार करायला फार वेळ घेतला नाही. "पेटीत नगं. नऊ दिस जगली बिचारी, तिला काय तपासत्यात? मातीत हाय, मातीसंगं जाऊ दे."

* * *

दगड उचलला तो बुधवार होता. खेकड्याने गरम हवेचा झोत सोडला आणि शेंदराचं कवच अख्खंच्या अख्खं सुटून आलं, चांदीच्या डोळ्यांसकट. आतून काळाभोर दगड निघाला. वरची कड पावलांनी झिजून खोलगट झालेली, कुणीही ओळखावी अशी पायरी. बायका बघत होत्या. त्यातल्या एकीने हात जोडले आणि मग कुणाला जोडले ते न कळून खाली घेतले.

कवच हे स्मारकाचा भाग नसल्याने नियमाप्रमाणे पुजाऱ्याच्या कुटुंबाला परत मिळालं. गावासाठी नवी सटवाई पण मिळाली. बसस्टँडजवळ, संगमरवराची, नाकीडोळी नीटस. तिथे नळ होता, फरशी होती, चपला ठेवायला कपाट होतं. आठ दिवसांत बायका तिकडे जायला लागल्या. लेकराचा पाचवा दिवस काही थांबून राहत नाही.

खोदकामाच्या दिवशी सोपानने मुद्दाम पडद्यासमोरची जागा मागून घेतली. माती उचलायच्या आधी यंत्र थराथराने तिच्यात डोकावत होतं. मानवी हाड दिसलं की घंटा वाजणार आणि काम आपोआप बंद पडणार, त्याने लपवायचं म्हटलं तरी. घंटा वाजू नये म्हणून तो जिवाच्या आकांताने मनात काहीतरी पुटपुटत होता, आणि घंटा वाजावी असंही त्याला वाटत होतं. एकदा तरी, कुठल्यातरी यंत्राने, ती होती म्हणून सांगावं.

घंटा वाजली नाही. एक हात खोलीवर पडद्यावर एक गडद डाग आला. सुपाएवढा. त्याच्या कडेला बारीक अक्षरं उमटली: 'सेंद्रिय डाग. नोंद आवश्यक नाही.' मग यंत्राने तो थर उचलला आणि त्याखालचा मुरूम दिसायला लागला. ट्रक भरून गेला तेव्हा सोपान त्याच्यामागे फाटकापर्यंत चालत गेला. फाटकावरच्या माणसाने विचारलं, "काय विटकर, काई ऱ्हायलं का?" तो म्हणाला, काही नाही.

संध्याकाळी यल्लूबाईने विचारलं, "निघालं का काई?"

"न्हाई, माय. मुरमाड जमीन. काईच ऱ्हायलं नव्हतं."

"ऱ्हाईल कसं? दोन शेराची व्हती." तिने कवच मांडीवर घेतलं होतं. आतल्या बाजूने ते कांद्यासारखं पापुद्र्या-पापुद्र्यांचं दिसत होतं. ती नखाने पापुद्रे मोजत होती, विसरत होती, पुन्हा पहिल्यापासून मोजत होती. सोपान तिथे थांबू शकला नाही. बाहेर येऊन, भिंतीला डोकं टेकून तो लहान पोरासारखा रडला.

आणि तो दगड अकराव्या पायरीत बसवायचं कामही त्यालाच करावं लागलं. तुकडा तुकड्याला असा भिडला की मध्ये केस जाणार नाही. डॉ. देवांनी टाळ्या वाजवल्या. काम खरोखरच सुरेख झालं होतं, आणि ते त्याच्याच हातून झालं होतं, हे त्याला कुठेतरी बरंही वाटलं. त्याचा त्याला फार राग आला.

* * *

बारव लोकांना खुली झाली त्यानंतर महिन्याभराने यल्लूबाई म्हणाली, "मला घेऊन चल."

सकाळची वेळ होती. चौक आरशासारखा लखलखत होता. इस्माईलभाईंची टपरी आता पलीकडे 'खाद्यविभागात' गेली होती. पिंपळाच्या पाराला नव्या दगडाची कड होती आणि तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं. ईशान्य कोपऱ्यात जमिनीतून पाण्याच्या धारा उडत होत्या. यल्लूबाईने तिकडे पाहिलं आणि सरळ बारवेकडे वळली.

सोपानने तिचा दंड धरला. ती एकेक पायरी उतरत, मोजत होती. दहाव्या पायरीवर ती थांबली, टेकली आणि पाय पोटाशी घेऊन बसली. सोपान तिच्यामागे नवव्या पायरीवर टेकला. मग तिने वाकून अकराव्या पायरीच्या डाव्या अंगावर तळहात ठेवला. पाण्यावरून परत येणाऱ्या उन्हात दगड झळझळत होता. एवढ्या वर्षांनी त्याला ऊन लागत होतं, घागर रिकामी झाली होती. आता कुठल्याही यंत्राला त्यातलं बहात्तर साल सापडणार नव्हतं.

शेजारच्या भिंतीवर तळहाताएवढी पितळी पाटी होती. सगळ्याच बदललेल्या पायऱ्यांपाशी होत्या.

"काय लिवलंय माज्या दगडाचं?" तिने विचारलं.

सोपानने पाटी वाचली. 'पायरी ११, डावा भाग. मूळ शिला. १९७२ ते २०४१ या काळात अन्यत्र गैरवापर. पुनर्स्थापित.'

त्याने पुन्हा एकदा वाचली.

"लिवलंय, ह्यो दगड हणमंता विटकरानं एकट्यानं पाठीवर न्हेला. त्याच्या लेकीसाटी. यल्लूबाईनं त्याला एकोनसत्तर वर्सं शेंदूर लावला. गावातलं हरेक लेकरू त्याच्या पाया पडून मोठं झालं."

यल्लूबाई पाटीकडे बघत राहिली. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण माप कळत होतं. जन्मभर दगडावरचं माप पाहण्यातच तिची नजर तयार झाली होती.

"येवढ्याशा पाटीत येवढं सगळं मावलं?" ती म्हणाली.

सोपानने तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. तिने पुन्हा विचारलं नाही. तिने फक्त त्याच्या गुडघ्यावर थोपटलं, लहानपणी ताप आल्यावर थोपटायची तसं.

वरून एक कुटुंब हसत-बोलत उतरत आलं. बुटांचा, सँडलचा आवाज. यल्लूबाईने हात काढला नाही. बाईने "सॉरी हं, आजी" म्हणत बाजूने पाय टाकला. मागचा गडी फोटो काढण्याच्या नादात होता, त्याचा बूट तिच्या बोटांना घासून पायरीवर पडला आणि पुढे गेला. खांबावरच्या कर्ण्यातून गोड आवाज आला, 'कृपया पायऱ्यांवर बसू नये. इतरांना मार्ग द्यावा.' थोड्या वेळाने तो आवाज पुन्हा आला.

"चल माय," सोपान म्हणाला.

ती उठायला गेली. बसलेल्या माणसाला उठताना खालच्या पायरीवर पाय द्यावाच लागतो. तिने पाय खाली नेला, दगडाच्या वर वीतभर धरला आणि पुन्हा पोटाशी घेतला. पुन्हा नेला, पुन्हा मागे घेतला.

"मला जमायचं न्हाई, सोपाना," ती म्हणाली. "तू उचल मला."

तिच्यात वजन असं काही उरलंच नव्हतं. पण दहावी पायरी अरुंद, तिच्यावर ती बसलेली. तिला उचलायचं तर खाली उतरून, तिच्या समोर उभं राहूनच उचलावं लागणार होतं. सोपानने चपला काढल्या आणि हातात घेतल्या, मग त्यांचं काय करायचं ते न सुचून शर्टात खोचल्या. कर्णा तिसऱ्यांदा बोलला. त्याने डोळे मिटून दोन्ही पाय अकराव्या पायरीवर ठेवले, नीट रोवले, आणि आईला उचललं.